हाल्वेकची होडी

अख्ख्या खेळात हाल्वेक नावाड्याला दोनच वाक्यं आहेत.
पहिलं : भाडं आधी.
दुसरं : मध्यरात्री सुकती होती, राणीला आणायला निघालो,
होडी रुतली.
एवढं बोलून तो पुन्हा दोर गुंडाळू लागतो.
शंभरदा विचारा, शंभरदा तेच.

राणी त्या रात्री पलीकडच्या काठावर मारली गेली.
नेर्वाथ बुडालं. पुढची ऐंशी तासांची लढाई
त्या एका न आलेल्या होडीपायी.

नुमान वांगडे म्हणतो, गद्दार.
मी म्हणते, नाही.
चार वर्षं झाली. तो आता कुवेतला, गोदामात रात्रपाळीला,
तिथून निरोप पाठवतो नऊ-नऊ मिनिटांचे,
पाठीमागे फोर्कलिफ्टची पिपाणी :
"कंबर बघ त्याची, शलाका.
फाटक्या नावाड्याला सोन्याचं बक्कल कुठून?"

मी इकडे दाभोळच्या जेटीवर, तिकिटाच्या खिडकीत.
माणूस, मोटरसायकल, तीनचाकी, आंब्याचा टेम्पो
अशा पावत्या फाडता फाडता उत्तर जुळवते.
जुन्या रजिस्टरात उलट्या बाजूने
नेर्वाथच्या अकरा पिढ्या लिहिल्यात,
सुलट्या बाजूने डिझेलचा हिशोब.
कधीतरी दोन्ही मधल्या पानावर भेटतील.
साहेबांनी तपासलं तर मी मेले.

एका शिमग्याला तर कहरच.
प्रज्योतने मासळीच्या थर्मोकोलचं चिलखत कापलं,
चंदेरी कागदाखाली बांगड्याचा वास तसाच.
मी हाल्वेक. फाटक्या जाळ्याचा झगा, हातात वल्हं.
खालच्या वाडीत एका काकूंनी विचारलं,
कसलं सोंग गो ह्ये?
म्हटलं, नावाड्याचं.
त्यांनी हातावर वीस रुपये ठेवले. म्हणाल्या, मग नाच की.
हाल्वेक नाचत नाही.
पण वीस रुपये घेतले होते. नाचले.

परवा रात्री बाबा मागे येऊन उभे राहिले.
फेरीबोट सुरू व्हायच्या आधी ते तरीवर होते,
ह्याच वाशिष्ठीच्या मुखाशी, वल्ह्यावर, बावीस वर्षं.
माझे खेळ ते कधी बघत नाहीत.
पडद्यावर त्या रात्रीची आठवण चालली होती,
खेळ ती फक्त चार सेकंद दाखवतो :
काळं पाणी, चिखल, तिरकी होडी,
वर अर्धा चंद्र.

बाबांनी चष्मा कपाळावर सारला.
"अर्धा चांद म्हंजे अष्टमी. तिथीची पाऊणपट कर.
सहाला भरती. मग बाराला सुकतीच की.
खोटं नाय बोलत तो."

अंगावर सर्रकन काटा.
चार वर्षं तो चंद्र तिथेच टांगलेला,
आणि आम्ही बक्कल उगाळत बसलेलो.
नुमानला सांगायला फोन उचलला, तोच बाबा :
"पण थांब, बाय. अष्टमीला भांग.
पाणी फार उतरत नाय.
रिकामी होडी काय रुतायची नाय अशी.
भरलेली असंल, तरच."

अंगठा फोनवर तसाच राहिला.
राणीला आणायला निघाला, म्हणजे एकटाच ना?
बाबा अंथरुणाकडे गेलेसुद्धा.
मी ते चार सेकंद पुन्हा लावले. पुन्हा. पुन्हा.
होडीच्या तळाशी ताडपत्री आहे.
ताडपत्री मी आजवर ताडपत्रीच समजत आले होते.

नुमानला निरोप गेला, चौदा मिनिटांचा.
त्याचं उत्तर एकाच शब्दाचं, आणि तो इथे लिहिता येत नाही.

सकाळी पहिल्या फेरीला धोपाव्याकडचे टेम्पो लागलेले,
हॉर्नवर हॉर्न. बाबा डबा द्यायला खिडकीशी आले.
डबा दिला, सुट्टे आहेत का विचारलं, निघाले,
चार पावलांवरून परत वळले.

"भाडं आधी, असं म्हणतो ना तो?"
हो.
"मग कुणी दिलं, ते बघ."